तोडून लिहिलेलं आडनाव

समोरच्या घरातल्या राणासाहेबांनी तुम्हाला खांदा दिला, हे आधी सांगते. पुढचा, उजवीकडचा. लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन झालेला तो माणूस चार जिने तसाच उतरला आणि खाली गाडीपर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही. "हमारे कुँवर साहब हैं," एवढंच म्हणत राहिले.

त्यांच्याबरोबर पंडितजीही आले होते. राणासाहेबांनीच त्यांना बोलावलं होतं. मला विचारलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पंडितजींनी गोत्र विचारलं. आपला अनिकेत पहाटेच विमानातून उतरला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग राणासाहेबच हळू आवाजात म्हणाले की याद नसेल तर कश्यप म्हणा, चालतं. तुमचं गोत्र कश्यप झालं. तुमच्या तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. त्रिशरण आणि पंचशील मी मनातल्या मनात म्हटलं, आणि मोठ्याने म्हणायची सवय असलेल्या ओळी मनात म्हणताना मागेपुढे झाल्या.

बावीस वर्षं तुम्ही गप्प बसलात म्हणून मी तुमच्याशी भांडले. त्या सकाळी दोन तास मी गप्प बसले. आता भांडायला मला तोंड उरलं नाही, आणि भांडण तर संपलेलं नाही.

दिल्लीतली, मुनिरक्याची ती पहिली गल्ली आठवते का? मी नागपूरच्या मिशनरी शाळेत इंग्रजीतून शिकलेली. हिंदी येते असा माझा समज होता. एका दारावर खडूने लिहिलं होतं, 'कमरा खाली है'. मी तुम्हाला बजावलं की तळघरातली खोली घ्यायची नाही, ओल असेल. तुम्ही भर रस्त्यात पायरीवर बसून हसलात. "अगं, खाली म्हणजे रिकामी. वरच्या माळ्यावर आहे ते." पुढे कितीतरी वर्षं मी काही चुकीचं समजले की तुम्ही म्हणायचात, गेली वाटतं तळघरात.

घरमालक हुक्का ओढत खाटेवर बसला होता. त्याने नाव विचारलं. तुम्ही पूर्ण सांगितलं, देवाजी सोमकुवर. तो म्हणाला, "ये क्या होते हैं?" तुम्ही म्हणालात, महाराष्ट्राचे असतात. "अच्छा, बम्बई वाले," असं म्हणून त्याने किल्ली दिली. तुम्ही भंडाऱ्याचे, मी नागपूरची, मुंबई आपण दोघांनीही तोवर पाहिलेली नव्हती. जिना चढताना तुम्ही मागे वळून म्हणालात, "सुलभा, इथं आपलं नाव कुणाला वाचताच येत नाही." डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसा तुमचा चेहरा झाला होता.

मला ते कळलं. नागपुरात माझे वडील रेल्वेत हेडक्लार्क होते, इस्त्रीचा कोट घालून घर बघायला जायचे, आणि आडनाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, आत्ताच दिलं हो, तासाभरापूर्वी. आपल्याकडे आडनाव ऐकलं की माणसाला पुढचं सगळं कळतं. दिल्लीला कळत नव्हतं. दिल्लीच्या त्या अडाणीपणाचे आपण किती आभार मानले तेव्हा. आपण दोघांनी मानले, हे मी नाकारत नाही.

त्या दिवसांबद्दल माझ्या मनात तुमच्यासाठी कृतज्ञतेशिवाय काही नाही. रविवारी तुम्ही मला बसने शहर दाखवायचात. म्हणजे थडगी आणि किल्ले नाही, पाट्या. रस्त्यांच्या नावांच्या पाटीवर चार ओळी असायच्या: हिंदी, इंग्रजी, पंजाबी, उर्दू. तुम्हाला दोन येत होत्या. उरलेल्या दोन तुम्ही त्या दोनांवरून सोडवल्या, कोडं सोडवावं तशा. 'मार्ग' आणि 'रोड' कुठे येतो ते हेरून आधी म, मग र. बसस्टॉपवर बस सोडून देऊन उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे बोटाने वाचणारा माणूस बघून लोक हसायचे. दोन वर्षांत तुम्हाला दोन्ही लिप्या वाचता यायला लागल्या. बोलता यायचं नाही, नुसतं वाचता. तुमच्या गावात शाळेतली पाटी हातात यायच्या आधी तुम्ही एसटीच्या पाटीवरून अक्षरं शिकला होता, भंडारा, साकोली, तुमसर. म्हणायचात, मला मास्तरनं नाही, पाट्यांनी शिकवलं.

एकदा एका फाटकावर 'प्रवेश निषेध' वाचून मी विचारलं की इथे कोण कशाचा निषेध करतंय, मोर्चा आहे का. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "निषेध म्हणजे बंदी. ही पाटी माझ्या आज्याला लिहून दाखवावी लागत नव्हती." आणि लगेच पुढच्या दुकानाची पाटी वाचायला लागलात. तुमचं असंच असायचं. खोल जायचात आणि दुसऱ्या पावलाला वर.

मग मंत्रालयातल्या तुमच्या नोकरीची वर्षं. तुम्ही घरी फार सांगत नव्हता. पण बढतीची यादी लागली की त्या दिवशी जेवताना तुमचं लक्ष नसायचं. यादीत तुमच्या नावापुढे कंस असायचा, आणि कंसात ती दोन अक्षरं. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं तुम्हाला ऐकू येईल एवढ्याच आवाजात कोट्याबद्दल बोलायची. तुम्ही मसुदा लिहिलात तर साहेब विचारायचे, हा कुणाकडून तपासून घेतला. तुमच्या हिंदीची चूक कुणी काढू शकत नव्हतं. इंग्रजीची काढायचे म्हणून मी रोज संध्याकाळी तुमची पत्रं तपासून द्यायची. आर्टिकल चुकलं की मी लाल पेनने खूण करायची आणि तुम्ही म्हणायचात, "काऊन बाई, पोट्टं समजून राहिली का मला?" तरी बसायचात समोर. पन्नाशीला आलेला माणूस, बायकोपुढे 'ए' आणि 'द' शिकत. तसं बसणारा नवरा मी नोकरीला होते त्या शाळेतल्या एकाही बाईला नव्हता.

गुडगावला फ्लॅट घ्यायचं तुम्ही ठरवलंत तेव्हा मी खूश होते. सरकारी क्वार्टरमध्ये शेजारी ऑफिसातलेच असायचे, यादी घरापर्यंत यायची. इथे मोहरीची शेतं होती आणि शेतांमधून उंच इमारती उठत होत्या. रस्ते खणलेले, जिथे तिथे 'असुविधा के लिए खेद है'. नवे लोक, नव्या गाड्या, बँकांतले, कंपन्यांतले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पाट्या मात्र सगळ्या इंग्रजी, त्याही कुठल्या तरी परदेशी फुलांच्या आणि समुद्रकिनाऱ्यांच्या. तुम्ही बाल्कनीतून बघत म्हणालात की इथे वाचायला काही उरलंच नाही.

आणि मग दारावरची पाटी.

तुम्ही कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलंत. मी म्हटलं होतं, देवनागरीत पण लिहून द्या, पाटीवाल्यांना नुसत्या इंग्रजीवरून कळणार नाही. तुम्ही म्हणालात, करतील ते. पितळी पाटी आली. वर हिंदी, खाली इंग्रजी. 'डी. सोम कुँवर'. दुकानदाराने आपल्या समजुतीने आपलं आडनाव मधोमध तोडलं होतं, वर चंद्रबिंदू ठेवला होता, आणि हिंदीशी जुळावं म्हणून इंग्रजीतही एक एन घुसडला होता. त्याच्या दृष्टीने त्याने चूक सुधारली होती.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, उद्या परत द्या. तुम्ही ती पुसून दारावर लावलीत. म्हणालात, दुरुस्त करू सावकाश.

तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर, आपल्या समोरच्या घरात, राणासाहेब राहायला आले. पाटी वाचून बेल वाजवली. मिशा पिळलेल्या, हातात मिठाई. "कुँवर साहब, अपने ही लोग निकले." कुँवर म्हणजे त्यांच्या लेखी राजपूतच. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुम्ही नाही म्हणाल याची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "आइए, आइए, बैठिए."

त्या संध्याकाळी आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, हे खोटं आहे. तुम्ही म्हणालात, मी काही बोललो का? खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं. मी म्हटलं, तुम्ही चार लिप्यांत शहर वाचणारा माणूस, तुमच्या दारावर तुमचंच नाव चुकलंय आणि तुम्हाला ते वाचता येत नाही? तेव्हा तुम्ही म्हणालात, "दिवसभर मी कंसात असतो, सुलभा. घरी तरी कंस नको."

पाटी राहिली. पण पुढच्या गोष्टी मी विसरलेले नाही. हॉलमधला बुद्ध हॉलमध्येच राहिला, कारण गुडगावात प्रत्येकाच्या हॉलमध्ये बुद्ध असतो, शोभेचा. बाबासाहेबांचा फोटो मात्र एका दुपारी आतल्या खोलीत गेला. तुम्ही म्हणालात, हॉलमध्ये ऊन लागतं, रंग उडतो. तो फोटो तुमच्या वडिलांनी मातीच्या भिंतीवर लावला होता. चाळीस वर्षं त्याचा रंग उडाला नव्हता.

राणाबाई मला ठकुराइन म्हणायच्या. कुलदेवी कुठली ते विचारायच्या. मी सांगायची की माझ्या सासरी देव्हारा नाही, आणि त्या कौतुकाने म्हणायच्या, बहुत मॉडर्न हैं आप लोग. मला त्या आवडायच्या, हीच तर अडचण होती. माझं हाड मोडलं तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डबा आला. राणासाहेब आणि तुम्ही रोज सकाळी फिरायला जायचात, परत येताना दोघांच्या हातात एकेक मुळ्याची जुडी. एकदा जेवताना राणासाहेबांनी त्यांच्या गावातल्या 'त्या लोकांबद्दल' काही सांगितलं, विहिरीवरून. तुमचा घास हातात थांबला. मग तुम्ही तो खाल्लात. मी ताटावरून उठून पाणी आणायला गेले आणि पाणी न घेताच परत आले.

अनिकेतच्या दहावीच्या फॉर्मवर तुम्ही 'अनिकेत कुँवर' लिहू दिलंत. माझ्या शाळेत मी शेकडो मुलींचे फॉर्म तपासले, एकाही मुलीच्या नावाचं स्पेलिंग चुकू दिलं नाही, आणि माझ्याच मुलाचा फॉर्म मला जमा झाल्यावर कळला. अनिकेत म्हणाला, आई, इट्स सिम्पलर. पासपोर्टवर तेच गेलं. टोरांटोला तेच गेलं. सून आली ती कुँवर झाली. इरा आणि नील जन्मले ते कुँवर जन्मले. दुकानदाराने पितळेवर ठोकलेली एक चूक, आणि आता तिला दोन नातवंडं आहेत.

या वर्षी इराला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता. रविवारी फोनवर तिने तुम्हाला विचारलं. तिने कॉम्प्युटरवर शोधलं होतं की कुँवर म्हणजे राजपुत्र. "आजोबा, वेअर वी प्रिन्सेस?" मी शेजारी बसले होते. मी तुमच्या हाताला हात लावला. मला वाटलं, आता. या मुलीला कंसाची भीती नाही, तिला कंस म्हणजे गणितात असतो एवढंच माहीत आहे. तिला सांगायला काय हरकत होती? गावाबाहेरचं ते घर, एसटीची पाटी, मातीच्या भिंतीवरचा फोटो, तो मुलगा जो दिल्लीत मंत्रालयात जाऊन बसला. त्या वृक्षाची लाज वाटावी असं त्यात एकही पान नव्हतं.

तुम्ही हसून म्हणालात, "वन्स अपॉन अ टाइम, बेटा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, स्वतःचं नाव टाकलंत ते टाकलंत, तुमच्या बापाला का टाकलंत. याहून वाईट बोलायला मला जमलं नसतं आणि याहून चांगलं बोलायची त्या दिवशी इच्छा नव्हती. तुम्ही उठून बाल्कनीत गेलात. आठवडाभर आपण दूध, औषध आणि पेपर एवढंच बोललो. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी तुम्ही उठला नाहीत.

म्हणून मी त्या सकाळी भिंतीकडे बघत होते. मला वाटत होतं, हे तुमचं आहे, तुम्हीच निस्तरा. पंडितजी मंत्र म्हणत होते आणि मी तुमच्यावर रागावले होते. तुम्ही गेलात याचं रडू मला चौथ्या दिवशी आलं, मुळ्याची जुडी बघून.

राणासाहेबांचा खांदा मला तेव्हापासून झोपू देत नाही. त्यांना माहीत असतं तर त्यांनी तो दिला असता का? मी हजार वेळा विचार केला. कधी वाटतं, नसता दिला. कधी वाटतं, दिला असता, मिशी पिळून, सगळ्या सोसायटीसमोर दिला असता. मला कळणार नाही. बावीस वर्षांत तुम्ही त्या माणसाला चांगलं वागायची संधी दिली नाहीत, वाईट वागायचीही नाही. तुम्ही म्हणायचात की त्याने तुमचं सुख टिकलं. टिकलं असेल. पण तुमचा एकुलता एक मित्र तुम्हाला ओळखत नव्हता, याला मी सुख म्हणायला तयार नाही.

अनिकेत परत गेला. जाताना म्हणाला, आई, आता काही बदलू नकोस, काय फरक पडतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने तेरहवीबद्दल विचारलं. मी म्हटलं, तेरावं नाही, रविवारी पुण्यानुमोदन आहे, नोटीस मी लिहून देते. माझ्या टाइपरायटरवर मी ती टाइप केली, इंग्रजीत, आणि खाली पेनने देवनागरीत. 'दिवंगत देवाजी सोमकुवर यांच्यासाठी बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदन.' लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावली.

तासाभरात बेल वाजली. राणासाहेब होते, चप्पल न घालता आलेले. म्हणाले, भाभीजी, नोटीशीत टायपिंगची चूक झाली आहे, नाव जोडून लिहिलं गेलंय, आणि पद्धतही कुणाची तरी दुसऱ्याचीच छापली गेली आहे, मी काढून आणतो, दुसरी टाइप करा. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. कुणी तुमचा अपमान करू नये अशी काळजी.

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत, बहुतेक माझा आवाज ऐकून.

"ग़लती नहीं है, राणासाहब," मी म्हटलं. "नाम यही है। ग़लती हमारे दरवाज़े पर थी।"

ते पाटीकडे वळले. बराच वेळ वाचत राहिले, जणू तीन शब्दांत आणखी काही लिहिलं असेल. मग विचारलं, "कुँवर साहब को मालूम था?" म्हणजे ही चूक तुम्हाला माहीत होती का. मी हो म्हटलं. त्यावर ते फक्त "अच्छा" म्हणाले. रागाने नाही, नवलानेही नाही. फिरायला निघताना मित्राने न सांगता पुढे निघून जावं आणि आपण खाली उभं राहावं, तसं. मग आपल्या दारात गेले आणि दार लावून घेतलं. रविवारी येतील की नाही, मला माहीत नाही. पाणी आणि खुर्ची त्यांच्यासाठीही ठेवीन.

एक काम उरलं आहे. नातवंडांना मी आजवर इंग्रजीतच पत्रं लिहिली, त्यांना सोपं म्हणून. हे मराठीत लिहिलं आहे. इराला आणि नीलला ते वाचता येणार नाही, त्यामुळे अनिकेतला त्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मी फोनवर ऐकत राहीन. तुमच्या नावापाशी तो अडखळेल, दोन तुकडे करेल, सवयीने. तो तिथे थांबला तर त्याला पुन्हा मागून सुरू करायला लावणार आहे, कितीही वेळा. सोमकुवर हा एक शब्द आहे, अनिकेत. मधे श्वास घ्यायचा नाही.